अदलाबदलीचं वर्ष

आदा, १४ ऑक्टोबर १९३१

प्रिय देसा मावशी,

तुमची गाडी वळणाआड गेली, मी फाटक लावलं आणि लगेच आठवलं की विल्माच्या लोकरी पायमोज्यांची दुसरी जोडी खुंटीवरच राहिली. ती या पत्राबरोबर पाठवते आहे. तिचे पाय गार पडले की तिला खोकला होतो. हे मी तुला फाटकात सांगितलं होतं, पण तेव्हा ग्लिशा काका घोड्याशी भांडत होते. तुला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

इतक्या लवकर पत्र लिहायचं नसतं हे मला माहीत आहे. पण आई असती तर तिने लिहिलं असतं, आणि आपा चाकांच्या आऱ्यांखेरीज कशालाच हात लावत नाहीत. विल्मा माझी धाकटी बहीण, तिला धाडायला त्यांची तयारी नव्हती. ‘दहा वर्षांची पोर, कशाला परक्या घरी?’ म्हणत होते. मीच हट्ट धरला. जूनमध्ये सेंताच्या शाळेची प्रवेशपरीक्षा आहे, ती सर्बियनमध्ये, आणि विल्माला सर्बियनच्या नावाने शाळेत घोकलेल्या चार कविता येतात. प्रवेश नाही मिळाला तर ती माझ्यासारखी घरीच बसेल. मी आईपाशी शिकले, त्याचं मला वाईट वाटत नाही, पण आईला जेवढं येत होतं तिथेच मी थांबले.

तेव्हा हे वर्ष वाया जाता कामा नये. अदलाबदलीचे नियम मला पाठ आहेत. आपल्या पोरीला जे, तेच पाहुणीला. एक मुदतीआधी परत गेली की दुसरीही परत. आणि पाहुणीशी तिच्या भाषेत बोलायचं नाही. तुझ्या नेवेनाने तुमच्या भाषेत काही विचारलं तर मी ऐकू न आल्यासारखं करते. जड जातं, पण लहानपणी तुझ्या घरी मी एक वर्ष राहिले तेव्हा तुम्हीही असंच केलं होतं, म्हणून तर मी शिकले.

नेवेना बरी आहे. पनीर घातलेल्या शेवया दोनदा मागून घेतल्या. काल तिने आपांना ‘ताता’ म्हणून हाक मारली. तुमच्यात ताता म्हणजे वडील, आमच्या हंगेरियनमध्ये ताता म्हणजे म्हातारा आजोबा. आपा म्हणाले, ‘आत्ता कुठे पन्नाशी आली, एवढ्यात काठी दिलीस का हातात?’ मी तिथल्या तिथे तिला आमच्यासारखं ‘आपा’ म्हणायला लावलं. चूक पहिल्या दिवशीच सुधारलेली बरी.

विल्मा मला हाक मारते का? मारत असली तरी सांग.

तुझी,
योलान


तुरिया, २ नोव्हेंबर १९३१

योलान पोरी,

पायमोजे पोचले. तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, तर ग्लिशा म्हणतात, ‘ही पोर आहे की शाळातपासनीस?’ मी म्हटलं, तिला काही बोलू नका, ती आईचं काम करते आहे.

विल्मा पहिले काही दिवस रडली. नाही म्हणून सांगितलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस. आता तिने आमच्या सर्वात खाष्ट हंसाशी वैर धरलंय, त्यात तिचा दिवस जातो. हाक मारते तुला, पण बहुतेक वेळा दुसऱ्यांना दटावायला. ‘योलानला सांगेन’ एवढं वाक्य तिला बिनचूक येतं.

जेवताना आम्ही तोतये पकडतो. तुला आठवत असेलच. जो शब्द दोन्हीकडे सारखाच वाजतो पण इकडे एक आणि तिकडे दुसरंच काही असतो, तो तोतया. ज्याला सापडला, पावाचा कडेचा खरपूस तुकडा त्याला. परवा शेजारची म्हातारी आली. मी म्हटलं, ‘विल्मा, ही बाबा स्ताना.’ आमच्यात बाबा म्हणजे आजी, तुमच्यात तान्हं बाळ. विल्माने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, ‘दात नाहीत, केस नाहीत. बरोबर आहे.’ म्हातारी खुर्चीतून पडायची राहिली हसून.

काल ग्लिशांनी सांगितलं की देवळाच्या आवारात तीन मोठे बोर उभे आहेत. पोरगी विचारात पडली. मग हळूच विचारते, ‘पाद्रीबुवा एकटेच पितात का?’ तुमच्यात बोर म्हणजे दारू ना, द्राक्षाची! आमच्यात ते पाइनचं झाड. ग्लिशा म्हणाले, ‘तुझा बोर उभा राहिला असता तर मी रोज देवळात गेलो असतो.’ कडेचा तुकडा तिलाच मिळाला.

नेवेनाला म्हणावं, तिची मांजर व्यालीय. आणि तिला गाऊ दे. फार मोठ्याने गायली तर तेवढी दटाव.

देसा


आदा, २३ नोव्हेंबर १९३१

प्रिय देसा मावशी,

विल्मा हसते आहे हे वाचून बरं वाटलं. पण एक विचारू का? रागावू नकोस. हे तोतये पकडणं परीक्षेच्या दृष्टीने बरं आहे का? तपासनिसाने ‘बोर’ विचारलं आणि घाबरून तिने दारू लिहिलं तर? बाबा, ताता, बोर असे शब्द मला उलट सगळ्यात घातकी वाटतात. अनोळखी शब्दापाशी माणूस थांबून विचार तरी करतो, ओळखीच्या शब्दावर मात्र बेधडक पाय टाकतो. हा खेळ तुम्ही माझ्याशी खेळल्याचं मला मुळीच आठवत नाही. मला आठवतो तो नियम. म्हणून मी इथे नेवेनाला असा प्रत्येक शब्द लगेच दाखवून देते आणि बरोबर काय ते तीनदा म्हणायला लावते.

मागच्या आठवड्यात एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. आमची शेळी फाटकातून बाहेर निघाली होती. नेवेनाने पाहिलं आणि ओरडली, ‘इदे! इदे!’ तुमच्यात ते ‘जातेय, जातेय’, आमच्यात ‘इकडे, इकडे’. रस्त्याच्या पलीकडून बोर्चा काकू हातातली अंड्यांची टोपली टाकून नेवेनाकडे धावत आली, तिला वाटलं पोरीला काहीतरी झालं. शेळी गेली भलतीकडे, अंडी फुटली. बोर्चा काकू म्हणाली, ‘मला बोलावतेस आणि बोट शेळीकडे दाखवतेस? चेष्टा करतेस का गं?’ नेवेना पांढरीफटक पडली. मी काकूला समजावलं आणि नंतर नेवेनालाही, की हा शब्द आमच्याकडे कधी म्हणजे कधी वापरायचा नाही.

बाकी ती छान आहे. जेवते. हंसांना दाणा घालते. तिची शिवण माझ्याहून नीट आहे. बोलणं सध्या जरा कमी आहे, पण थंडीने असेल. तिला कळतं सगळं.

विल्माच्या छातीला हंसाची चरबी चोळतेस ना?

तुझी,
योलान


तुरिया, २१ डिसेंबर १९३१

योलान पोरी,

परवा आमचा संत निकोलसचा सण झाला. आमचं पंचांग मागे चालतं, तुमच्याकडे तोच म्हातारा पंधरवड्यापूर्वीच येऊन गेला, त्यामुळे विल्माने खाऊसाठी बूट दुसऱ्यांदा खिडकीत ठेवले. आम्ही बुटात सुके आलुबुखार भरले. मेणबत्ती तिनेच धरली. उकडलेल्या गव्हाचं गोड दोनदा खाल्लं, आणि पाद्रीबुवांनी पाव कापताना तिला मधे उभं केलं तर ताठ मानेने उभी राहिली. मग येऊन कानात विचारते, ‘हेच का ते?’ म्हणजे बोर पिणारे.

आता माझं विचारणं ऐक. तुझ्या पत्रात माझी पोर जेवते, शिवते, हंसांना दाणा घालते. तिचा आवाज कुठे आहे? घरी असली की चूल पेटायच्या आधी तिचं गाणं सुरू असतं. ग्लिशा वैतागून म्हणायचे, ‘हिला बंद करायची कळ कुठे आहे?’ आता तेच रोज सकाळी गोठ्यातून येऊन दारात उभे राहतात आणि पुन्हा जातात.

आमच्या नाताळापर्यंत तिला दोन ओळी लिहायला सांग. तुमच्या भाषेत लिहिल्या तरी चालेल, विल्मा वाचून दाखवील. चुका असल्या तर असू देत.

देसा


आदा, ९ जानेवारी १९३२

देसा मावशी,

तुमचा नाताळ होऊन गेला आणि मी दोन ओळी पाठवल्या नाहीत. कारण मी कागद पुढे ठेवला आणि नेवेनाने मान हलवली. नको.

खरं लिहिते. नेवेना बोलत नाही. त्या शेळीच्या दिवसापासून तिचं बोलणं कमी होत गेलं, आणि आमच्या संत निकोलसच्या सणानंतर ते थांबलं. आमच्या भाषेत नाही, तुमच्याही नाही. मांजराशी नाही, एकटी असतानाही नाही. मी दाराआड उभी राहून ऐकते, मला त्याची लाज वाटते, पण उभी राहते. गाणं मी कधीच ऐकलं नाही. डॉक्टर येऊन गेले. घसा स्वच्छ आहे, ताप नाही. म्हणाले, ‘वाट बघा.’ ती खाते, झोपते, सांगितलेलं सगळं करते, न सांगितलेलंही करते. काही विचारलं की माझ्या तोंडाकडे इतक्या लक्ष देऊन बघते की मला विचारायचंच सुचेनासं होतं.

बोर्चा काकू तिला ‘कुका’ म्हणायला लागली. आमच्यात कुका म्हणजे मुकी. मी भर रस्त्यात काकूशी भांडले. आपा म्हणाले, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज कामाच्या छपरीपर्यंत ऐकला.

मी तुला का नाही कळवलं ते तुला ठाऊक आहे. एक परत गेली की दुसरीही परत. विल्मा आत्ता कुठे वाक्यं बोलायला लागली असेल, आणि जून फार लांब नाही. प्रत्येक आठवड्याला मी स्वतःला सांगत होते की उद्या बोलेल. मी तुझ्या पोरीच्या आवाजासमोर माझ्या बहिणीची शाळा ठेवून तोलत बसले, आणि पत्रात शिवणकामाचं कौतुक लिहिलं.

मला वाटतं नियम पाळण्यात मी कुठेतरी कमी पडले. मीच चुकून तिच्याशी तुमच्या भाषेत बोलले असेन झोपेत वगैरे. सापडत नाही मला, काय चुकलं.

तू येऊन तिला घेऊन जाशील तर मी समजेन. विल्माचं सामान बांधायला सांग. मला काय म्हणायचं ते म्हण, पण तिला यातलं काही सांगू नकोस.

योलान


तुरिया, ११ फेब्रुवारी १९३२

योलान,

उशीर दोन कारणांनी झाला. एक, बर्फाने रस्ता बंद होता. दुसरं, तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जे उत्तर लिहिलं ते दुसऱ्या दिवशी वाचून चुलीत घातलं. तसं कागदावर कुणाला लिहू नये, आणि आई नसलेल्या पोरीला तर नाहीच.

मग मी तुझी सगळी पत्रं काढून बसले. नेवेना ‘ताता’ म्हणाली, तू सुधारलंस. ‘इदे’ म्हणाली, तू कधी वापरू नको म्हणून सांगितलंस. असा प्रत्येक शब्द तीनदा म्हणायला लावलास. अगं, माझी पोर परक्या घरी आली, सगळीकडे कलकलाट, त्यात एखादा शब्द तिला आपल्या घरचा वाटला. त्याला हात घातला, तर तू हातावर मारलंस. दुसऱ्याला घातला, पुन्हा मारलंस. आता ती हात मागे बांधून बसली आहे, एवढंच झालंय.

आणि ‘तुम्हीही असंच केलं होतं’ म्हणून जे सारखं लिहितेस, ते आता ऐकच. आम्ही तसलं काही केलं नव्हतं. तू आलीस तेव्हा मी या घरात नवी सून होते. तू कोंबडीशीसुद्धा बोलत नव्हतीस. जेवणाच्या वेळी टेबलाखाली जाऊन बसायचीस. मला वाटायचं, माझ्याच पायगुणाने पाहुणी पोर मुकी झाली. मग माझ्या सासूबाईंनी, पेर्सा आजींनी, नियम गुंडाळून ठेवला. लहानपणी त्याही एक वर्ष हंगेरियन घरात राहिल्या होत्या, त्यातले मूठभर शब्द उरले होते, तेही बहुतेक कोंबड्यांना हाकायचे. रोज दुपारी पिसं निवडताना तुला शेजारी घ्यायच्या आणि तुझ्या भाषेत असं काही भयंकर बोलायच्या की ग्लिशा उठून बाहेर जायचे. एक दिवस त्यांनी तुला ‘माझी बाबा’ म्हटलं, तुमच्या अर्थाने. मी म्हटलं, ‘आई, आजी तुम्ही, ती कशी?’ आणि तू टेबलाखालून हसलीस. तोतयांचा खेळ तिथून सुरू झाला. कडेचा पाव सहा महिने तू खाल्लास! तुला फक्त नियम आठवतो, कारण निरोप देताना तुझ्या आईला आम्ही तोच सांगितला. खरं सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं आम्ही फसवलं.

तोतया शब्द खोटा असतो, कबूल. पण तोंडाला त्याची सवय असते. पोर त्याला धरून उभी राहते आणि मग बघते की आपण भलत्याच घरात उभे आहोत. हसते. हसली की बोलते. विल्माशी मीसुद्धा तुमच्या भाषेत बोलते. वाईट बोलते. तुला सांगितलं नाही, कारण तू मला नियम पाठवला असतास.

ग्लिशांनी घोडे जुंपले होते. मी सोडले. बर्फ वितळून रस्ता मोकळा होईपर्यंत तुला देते. तिच्याशी आमच्या भाषेत बोल. चुकत बोल. तरीही ती गप्प राहिली तर आम्ही येतो, तिला नेतो आणि विल्मा परत.

देसा


आदा, ३ मार्च १९३२

प्रिय देसा मावशी,

तुझं पत्र मी आपांना वाचून दाखवलं. ते रंधा मारता मारता म्हणाले, ‘तुझी आई म्हणायची, पोर कशी गेली तशीच आली, फक्त बडबडी झाली. मग काय करणार आहेस?’

मला भीती वाटत होती. लिहिताना मी प्रत्येक शब्द शोधून लिहिते, पण तुमची भाषा तोंडाने मी तुझ्या घरातून निघाल्यावर जवळजवळ बोललेच नाही. दोन दिवस नुसती सुरुवात करून थांबत होते. तिसऱ्या दिवशी आम्ही घेवडा निवडत होतो. मी खाली बघत सांगायला लागले. पेर्सा आजींची, त्यांच्या विहिरीची, तुमच्या त्या वेळच्या पांढऱ्या घोड्याची गोष्ट. घोडा विहिरीपाशी पाणी प्यायला गेला आणि बादलीत तोंड अडकवून घरभर फिरला, ती. नेवेनाचे हात थांबले. मला वाटलं, संपलं, आणखी बिघडवलं मी. तरी बोलत राहिले.

तिचा आवाज घोगरा झालाय, मावशी. ती म्हणाली, ‘तू अशी काय बोलतेस?’

मी म्हटलं, ‘कशी?’

‘घोड्याला टकटक काय म्हणतेस? पाण्याला मम? तू काय दोन वर्षांची आहेस?’

मी सांगितलं की मला हेच शब्द माहीत आहेत, तुझ्या आजीने असेच शिकवले.

‘आजी सगळ्यांशी असंच बोलायची. पाद्रीबुवांशी पण. तू मोठेपणी सुधारलं नाहीस?’

‘कुणी सांगितलंच नाही.’

तिने घेवड्याची टोपली बाजूला सारली आणि मला घोडा म्हणायला लावलं. तीनदा. मावशी, मला कळलं की तीनदा म्हणताना कसं वाटतं. तिसऱ्यांदा आवाज निघत नाही. मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, ‘हो ना,’ आणि मग ती रडली, आणि मीही, आणि आपा दारात येऊन पुन्हा गेले.

नंतर ती थोडं थोडं बोलली. म्हणाली, ‘तुला माझी भाषा येते हे मला फाटकातच कळलं होतं, तू आईशी बोललीस ना. मग मी विचारलं की तू भिंतीकडे बघायचीस. मला वाटलं मी काहीतरी केलंय.’ आणि म्हणाली, ‘मी बरोबरचे शब्द साठवत होते. पुरेसे झाले की एकदम बोलणार होते.’ आणि मग तिने साठवलेलं बोलून दाखवलं. स्वच्छ हंगेरियन, न अडखळता, माझ्याच तोंडची वाक्यं. ‘पाय पूस.’ ‘असं नाही, असं.’ ‘पुन्हा म्हण.’ ‘हा शब्द वापरायचा नाही.’ माझ्याच सुरात. आपा बाहेर हसत होते. मला हसता आलं नाही.

आता ती बोलते. दोन्ही भाषांत, जिथे अडेल तिथे बदलून. काल गायली, चोरून, हंसांपुढे. इथेच पत्र संपवावं असं मला फार वाटलं. पण पुढचंही लिहायला हवं. मी तिला विचारलं, ‘घरी जायचंय का?’ ती म्हणाली, ‘हो.’ विचार न करता. थोड्या वेळाने आणखी म्हणाली, ‘तुझ्यावर रागवले नाही मी. पण जायचंय.’

मी विचारलंच नसतं तर ती राहिली असती. जूनपर्यंत राहिली असती. पण विचारलं आणि तिने उत्तर दिलं. इतक्या महिन्यांनी ती बोलायला लागली आहे, आणि तिचं हे बोलणं मीच ऐकू न आल्यासारखं करणं मला जमणार नाही.

तिला न्यायला या. विल्माला घेऊन या. तिचे जाड कपडे वर ठेवा, गाडीत वारा लागतो.

तुझी,
योलान


तुरिया, १९ मार्च १९३२

योलान पोरी,

नेवेनाला न्यायला विल्माशिवाय आलेली रिकामी गाडी बघून तुझ्या काळजाचं काय झालं असेल ते ग्लिशांनी मला सांगितलं. म्हणाले, ‘पोर गाडीच्या मागे जाऊन गवताखाली बघत होती.’ त्यांना मी बजावलं होतं की तुम्ही काही बोलू नका, माझं पत्र जाईल. त्यांनी ते इतकं पाळलं की नमस्कारसुद्धा केला नाही म्हणे.

नेवेना घरी आहे. आल्यापासून घरात कुणाला बोलायला जागा नाही. जेवताना ग्लिशा सूप ओढतात, तर ही तुमच्या भाषेत ‘असं नाही, असं.’ ते माझ्याकडे बघतात, ‘काय म्हणतेय?’ मी म्हणते, योलानचा निरोप आहे. विल्मा आणि ती एका खाटेवर झोपतात आणि दोघी भांडतात, एक आमच्या भाषेत, दुसरी तुमच्या. कोण कुठल्या, ते विचारू नकोस, रोज बदलतं.

आता विल्माचं. नियम आहे, मला मान्य आहे. पण तो का आहे, याचा तू कधी विचार केलास? तो पोरांसाठी नाही. आयांसाठी आहे. एका घरात दोन पोरी आणि दुसऱ्या घरात एक खाट रिकामी, हे कुठल्या आईला सोसत नाही, म्हणून जुन्या बायकांनी तो घातला. त्या घरची आई आता तू आहेस. म्हणजे ते सोसायचं की नाही हे तुझ्या हातात आहे. माझ्या नाही, ग्लिशांच्या नाही, तुझ्या आपांच्याही नाही.

मी विल्माला विचारलं. तिला राहायचंय. परीक्षेचं तिलाच माझ्याहून जास्त पडलंय. पण लगेच म्हणाली, ‘योलान एकटी आहे का?’ मी म्हटलं, आपा आहेत की. ती म्हणाली, ‘म्हणजे एकटीच.’

तू ‘ये’ लिहिलंस तर ती येईल, तोंड वाकडं न करता येईल, मी ओळखते आता तिला. ‘राहा’ लिहिलंस तर राहील. पण जे काय ते तिला लिही, मला नको. आणि आमच्या भाषेत लिही, तिला ते वाचता येतं हे तुला कळू दे.

देसा


आदा, २७ मार्च १९३२

विल्मा,

हे पत्र मी सर्बियनमध्ये लिहिते आहे, आणि शब्दकोश वरच्या फळीवर आहे. मी तो काढणार नाही.

देसा मावशीने मला विचारलं आहे. मी आधी लिहिणार होते की मी मुळीच एकटी नाही. ते खोटं आहे. दुपारी आपा छपरीत गेले की घर फार मोठं होतं. मी अजून तीन ताटं काढते आणि एक परत ठेवते. आपा काल स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, ‘कुणीतरी चुकीचं बोला रे, करमत नाही.’ बोर्चा काकूने नेवेनाची चौकशी केली. मी म्हटलं, ती आता इतकी बोलते की तिच्या आईने हात जोडले आहेत. काकू म्हणाली, ‘म्हणजे माझ्यामुळेच बोलत नव्हती,’ आणि तिचा चेहरा उतरला. मी तिला सांगितलं की तसं नाही, ते माझ्यामुळे होतं.

तू ये असं लिहायला मला एकच शब्द लागला असता. मी तो लिहून पाहिला. तो कागद फाडला.

राहा. जूनपर्यंत राहा. परीक्षेला मी सेंताला येईन आणि फाटकाबाहेर उभी राहीन, आत येणार नाही. तपासनिसाने काहीही विचारलं तर आधी जे तोंडात येईल ते बोल. चुकलं तर चुकलं. नापास झालीस तर आपण दोघी मिळून पुढचं बघू, आणि मी ‘सांगितलं होतं’ म्हणणार नाही. म्हणाले तर मला आठवण करून दे.

नेवेनाला म्हणावं, मी रोज घोडा म्हणते.

या पत्रात पुष्कळ चुका असतील. आपांची लाल पेन्सिल पाठवते आहे. सगळ्या चुकांवर खुणा कर आणि पत्र मला परत पाठव. एकही सोडू नकोस. मला घाबरू नकोस.

योलान